तांबड्या खणातली वेणी

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आमच्या हळर्णात हे वाक्य कोणी वाचलं, तर आधी तो पोट धरून हसेल आणि मग शेजाऱ्याला बोलावून वाचून दाखवील. भाऊ पोस्टमनने न सांगितलेली गोष्ट — अशी वस्तू पेडणे तालुक्यात असूच कशी शकते? तीस वर्षं मी टपाल वाटलं, आणि खरं म्हणजे टपालापेक्षा गोष्टीच जास्त वाटल्या. शापोरा नदीतली मगर मी वाढवून वाढवून एवढी केली आहे, की तिचं तोंड चोपड्याला असतं तेव्हा शेपटी हळर्णच्या किल्ल्याला घासत असते. माझ्या आजोबांच्या झाडाचा एक फणस उतरवायला डिचोलीहून खाणीवरचा ट्रक मागवावा लागला होता. ह्यातली एकही गोष्ट खोटी नाही — म्हणजे, खोटी आहे असं मला कोणी तोंडावर म्हटलेलं नाही.

ही मात्र सांगितली नाही. सात वर्षं मनातल्या मनात सांगून बघतो आहे. इतर गोष्टी सांगाव्यात तशा फुगतात; ही सांगावी तशी लहान होते. तिच्यात मगर घालता येत नाही, ट्रक घालता येत नाही. मी कुठेही वाढवायला लागलोच, तर तुम्ही हात वर करा. मी थांबेन. बहुतेक.

माझी बायको मालिनी. तिचे केस — बघा, इथेच माझी जीभ वळवळायला लागली. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते. हे मोजून सांगतो, वाढवून नव्हे. न्हाऊन ती मागीलदारी केस वाळवत बसली की कोंबड्या त्या सावलीला येऊन बसायच्या. बरं, एक कोंबडी. पण एक नक्की यायची.

मालिनीला तो रोग झाला, तेव्हा पणजीच्या पलीकडे इस्पितळात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. औषधाने केस जाणार, असं तिथे आधीच सांगितलं. ती रडली नाही. घरी आली, चहा केला, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली की गळून उंबऱ्यात लोळण्यापेक्षा मीच कापते. तिथल्या एका नर्सबाईने तिला सांगितलं होतं, पणजीत एक कारागीर आहे, ज्याचे केस, त्यांचाच टोप त्याला करून देतो. टोप म्हणजे डोक्यावर चढवायचे केस. आमच्याकडे विग कोणी म्हणत नाही. दशावतारात राणी होणारा पुरुष डोक्यावर घालतो तो टोप.

कात्री वहिनीने धरली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, पलीकडच्याच घरात राहते. मालिनीने स्वतः वेणी घातली, दोन्ही टोकं काळ्या दोऱ्याने करकचून बांधली आणि मान खाली घातली. कापलेली वेणी मांडीवर घेऊन तिने तिला हळद-कुंकू लावलं. घरातून निघालेल्या सवाष्णीला लावतात ना, तसं. मग एका तांबड्या खणात गुंडाळली, कापडी पिशवीत घातली, आणि पिशवी माझ्या हातात देताना एकच बोलली.

"मी बोडकी जावचंय नाय हां. तुमी जिते आसताना तर नायच."

बोडकी. तुमच्या गावात ह्या शब्दाला किती वजन आहे मला ठाऊक नाही. आमच्याकडे ती शिवी आहे. नवरा मेलेल्या बाईला नळावरच्या भांडणात देतात ती. मालिनीला मरणाचं भय नव्हतं असं मी म्हणणार नाही, ते सगळ्यांना असतं. पण त्याच्यावरचं भय हे होतं — नवरा जिवंत असताना, कपाळावर कुंकू असताना, मोकळ्या टाळूने लोकांसमोर जावं लागेल. तिला तिचे केस परत हवे होते. राहिली तर राहिल्या दिवसांसाठी, गेली तर जाताना डोक्यावर. एवढंच मागितलं होतं तिने. एवढंच — आणि मी ते पोचवायचं होतं. तीस वर्षांत ज्याने कोणाचं एक कार्ड हरवलं नाही, त्या माणसाने.

सकाळची म्हापशाची गाडी पकडली. म्हापशाला उतरून पणजीची गाडी घ्यायची होती. पिशवी मांडीवर. गाडीत सगळी ओळखीची तोंडं. कोणीतरी विचारलंच, भाऊ, आज काय नवीन? मी आधी नको म्हटलं. खरंच म्हटलं. पण सगळी बस माझ्याकडे बघते आहे, खिडकीपाशी दोन म्हाताऱ्या माना वळवून बसल्या आहेत, कंडक्टर तिकिटांचा गठ्ठा हातात धरून थांबला आहे — अशा वेळी गप्प बसायला माणूस वेगळ्या मातीचा लागतो. माझी सवय अशी, की जे समोर दिसेल त्याचीच गोष्ट करायची. समोर काय होतं? मांडीवर पिशवी होती.

मी वेणीची गोष्ट सुरू केली.

एका बाईने करणी करून पाठवलेली वेणी. तांबड्या खणात बांधलेली, हळद-कुंकू लावलेली, दोन्ही टोकांना काळा दोरा. ज्याच्या घरी ती पिशवी राहील त्याच्या घरात वेणी रोज वीतभर वाढते, वाशांवर चढते, आणि अमावास्येला घरधन्याच्या गळ्याभोवती उतरते. काय गोष्ट जमली होती! गोष्ट सांगायला मला दोन्ही हात लागतात. वेणी वाशावरून कशी उतरते ते दाखवायला पिशवी अडचण करायला लागली, म्हणून मी उठून ती वरच्या फळीवर ठेवली. आणि मग कोलवाळचा पूल कधी गेला, म्हापसा कधी आलं, मला ठाऊक नाही. कंडक्टर तीन स्टॉपांवर शिट्टी मारायला विसरला. म्हापशाला गोष्ट संपली नव्हती, म्हणून तिघेजण माझ्याबरोबर उतरून चहाच्या दुकानात आले. पावभाजी मागवली. शेवट मी उभा राहून केला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनीसुद्धा मान डोलावली.

मग पिशवी उचलायला खाली हात घातला.

पिशवी फळीवरच राहिली होती, आणि बस पेडण्याच्या बाजूने परत गेली होती. मी स्टँडवर उभा राहिलो. किती वेळ ते सांगत नाही, सांगायला गेलो तर युग म्हणेन. दुपारी ती गाडी परत आली. कंडक्टरने मला लांबूनच ओळखलं आणि धावत आला. त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की मला वाटलं, मिळाली.

"भाऊ, तुमी सांगल्यात ती खरी," तो म्हणाला. "आमच्याच गाडयेत होती. तांबड्या खणात, कुंकू लावलेली. कोलवाळच्या पुलार गाडी थांबवली नि दिली न्हंयत."

नदीत.

आता तुम्ही सांगा, ह्यात त्याचा काय दोष? त्याने सबंध गाडीचा जीव वाचवला होता. परतीच्या गाडीतल्या माणसांनी त्याला दुवाही दिला असेल. अशी वेणी दिसली तर काय करायचं, हे मीच त्याला चार तासांपूर्वी दोन्ही हातांनी शिकवलं होतं. मी काय म्हणालो असेन? अरे, ती माझ्या बायकोची वेणी, तिला असा असा रोग आहे, मी गोष्ट रचली — म्हणालो? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, बरं केलंस.

बरं केलंस. ही पहिली पायरी. तिथून खाली उतरणं सोपं होतं.

घरी आलो. मालिनी अंगणात उभी होती, डोक्याला पदर गच्च गुंडाळून. मी म्हटलं, दिले केस, पंधरा दिवस लागतील. दुसऱ्या दिवशी मी चोपड्याला गेलो. कोलवाळला नदीत पडलेलं पुढे तिथेच जातं. ओहोटी होती. मासेमार जाळी झटकत होते. एकाला विचारलं, काल-आज जाळ्यात काही वेगळं आलं का? काय हरवलंय, त्याने विचारलं. मला खरं सांगता आलं असतं — अनोळखी माणूस, पुन्हा कधी भेटणार नाही. मी त्याला सांगितलं की मी सरकारतर्फे शेवाळ मोजायला आलो आहे. तो बिचारा अर्धा तास मला शेवाळ दाखवत फिरला. प्रत्येक काळ्या दोरीकडे मी वाकून बघितलं.

म्हापशात आपा म्हणून माझा एक ओळखीचा आहे. नाटकांना आणि दशावताराला लागणारे कपडे, मुकुट, टोप भाड्याने देतो. त्याच्याकडे एक लांब केसांचा टोप होता, दोन हंगाम राणीच्या डोक्यावर काढलेला. नायलॉनचा. त्याने तो धुऊन, सरळ करून दिला. तो कोणासाठी, ते मी आपाला सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी मी तो मालिनीच्या पुढ्यात ठेवला. आणि ती हात लावायच्या आधीच मी बोलायला लागलो. पणजीच्या त्या कारागिराला — ज्याला मी आजपर्यंत डोळ्यांनी पाहिलेला नाही — मी तीन भिंगांचा चष्मा घातला. एकेक केस सुईने जाळीत ओवायला बसवला. असले केस चाळीस वर्षांत हाताला लागले नाहीत, असं त्याच्याकडून बोलवून घेतलं. ती हसायला लागली. टोप हातात घेतला, एक बट दोन बोटांत धरून चोळली.

"हे माजेच मा?"

मग कोणाचे, मी म्हटलं. कारागिराने औषधातून काढलेत, म्हणून हाताला वेगळे लागतात.

तिने मान हलवली. आरशासमोर जाऊन टोप घातला, अबोलीचा वळेसर माळला, आणि वहिनीला दाखवायला गेली. चालत नव्हे — जवळजवळ धावत.

इथे थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. पण आपले केस आहेत म्हटल्यावर बाई त्यांची निगा आपल्या केसांसारखीच करणार ना? तिने त्या नायलॉनला शिकेकाई लावली. खोबरेल चोळलं. दाट दातांच्या फणीने मुळापासून विंचरलं. मागीलदारी उन्हात बसवलं. तीन आठवड्यांत टोप पिंजारला. नारळाचं सोडण कुटून काथ्या मोकळा करावा तसा — नाही, मी वाढवत नाही, तसाच. हात फिरवला तर चटचट आवाज व्हायचा आणि केस बोटांना चिकटून वर उभे राहायचे.

एका दुपारी ती टोप मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली मला दिसली. औषधाचा तिसरा डोस होऊन आली होती, ओठ पांढरे पडले होते.

"बघा," ती म्हणाली. "कापलेले केसय आजारी पडले."

आपला रोग त्या केसांत आधीपासूनच होता, कापले तरी तो आत राहिला, आणि आता तो त्यांना खातो आहे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. अंगातून काढून ठेवलेली एक गोष्ट तरी धड आहे, हा तिचा आधार होता. तोही गेला.

एक शब्द पुरे होता. नायलॉन. चार अक्षरं. ती चिडली असती, आठ दिवस माझ्याशी बोलली नसती, वहिनीपाशी जाऊन रडली असती. पण आजार केसांना लागलेला नाही, हे तर तिला कळलं असतं? मी तिच्या शेजारी बसलो. तोंड उघडलं. आणि म्हणालो, पणजीच्या कारागिराला विचारून येतो.

गेलो आपाकडे. आपाने टोप उलटसुलट बघितला आणि मला शिव्या घातल्या. तेल कोणी लावलं, ऊन कोणी दाखवलं? मग त्याने सगळं शिकवलं. बालदीत थंड पाणी घ्यायचं. कपडे मऊ करायला घालतात ते निळं औषध त्यात टोपणभर टाकायचं. टोप बुडवून ठेवायचा, चोळायचा नाही, पिळायचा नाही. काढून टॉवेलावर ठेवून नुसता दाबायचा. उपड्या मडक्यावर चढवून सावलीत वाळवायचा. रुंद दातांची फणी घ्यायची आणि टोकाकडून सुरुवात करायची — आधी शेवटची दोन बोटं, ती सुटली की वरची दोन बोटं, असं चढत चढत जायचं. मुळापासून ओढलं की गाठ बसते. आणि चुलीजवळ कधी जाऊ द्यायचा नाही. वाफेने मुडपतो, आगीने वितळतो, आणि घाण वास सुटतो, सगळ्यांना कळतं.

दुपारी मालिनी झोपली की मी टोप घेऊन मागच्या गोठ्यात जायचो. गुरं कधीच विकली होती. तिथे कोणी येत नसे. उपड्या मडक्यासमोर बसून मी टोकाकडून वर विंचरत जायचो. तासभर, दीड तास. आणि तुम्हाला सांगू? छत्तीस वर्षांच्या संसारात मी मालिनीच्या खऱ्या केसांतून एकदाही फणी फिरवली नव्हती. ते आमच्याकडे पुरुष करत नाहीत. वेळही नव्हता — मला गावभर गोष्टी सांगायच्या होत्या. सगळी माया माझ्या हातांना आली ती नायलॉनवर.

ती उठायची, टोप बघायची. मऊ, सरळ, चमकणारा. कारागिराचं औषध, मी म्हणायचो. तिने तेल लावणं बंद केलं, ऊन बंद केलं, मी सांगितलं तसं सगळं पाळलं. त्या निळ्या औषधाचा गोडसर वास तिला आवडायला लागला. आज केसांना बरं आहे, म्हणायची. केसांना बरं असलं की त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची. डोसाला जाताना कुरकुर करायची नाही. आता सांगा — अशा बाईला कोणत्या दिवशी सांगायचं? हा प्रश्न मी तेव्हा रोज स्वतःला विचारायचो, आणि तो मला फार सोयीचा पडायचा.

चतुर्थीला तिला बरं वाटत होतं. पातोळ्या मीच करते म्हणाली. हळदीच्या पानांत गूळ-खोबरं भरून मोदकपात्रात लावल्या, आणि झाल्या का बघायला झाकण उघडून वाकली. मी गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधत होतो. आत काही आवाज झाला नाही. ती बाहेर आली तेव्हा कपाळावरचे सगळे केस मुडपून गाठाळले होते — केसांसारखे नव्हे, गरम सुरीने ओढलेल्या दोरीसारखे. मुलगी स्मिता डिचोलीहून सणाला आली होती. तिने आईला जवळ घेतलं. मालिनीने पुढच्या केसांना हात लावला, आणि माझ्याकडे बघितलं.

काय बघत होती? कळलं होतं का तिला? सात वर्षं मी ती नजर आठवतो आहे. कळलं होतं, असं धरलं तर मला थोडं हलकं वाटतं, म्हणून मी तसं धरत नाही.

मी पुढच्या गाठी कापून टाकल्या, भांग दुसऱ्या बाजूने पाडला, गेलेल्या जागेवर अबोली माळायला सांगितली. तेवढ्यावर तिचे पुढचे चार महिने गेले. औषधाने काही झालं नाही. डॉक्टरनी घरी न्यायला सांगितलं. शेवटचे दिवस होते. एका सकाळी तिने माझा हात धरला.

"माका केस घालून न्हेवा. विसरू नकात."

मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

आता इथपर्यंत आलो. वेणी हरवली, खोटं बोललो, टोप नायलॉनचा आणला — हे सगळं मी सांगू शकलो असतो. पेडण्याच्या बाजारात रडत रडत सांगितलं असतं तर लोकांनी मला जवळ घेतलं असतं. सांगता आलं नाही ते पुढचं आहे.

ती गेली त्या सकाळी टोप गोठ्यात होता. आदल्या दिवशी धुऊन मडक्यावर वाळत ठेवला होता. अंगण माणसांनी भरलं. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवा चुडा भरला, मळवट भरला. सवाष्ण गेली होती. तिला नवरीसारखी सजवतात. वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, केस हाडा.

मी गोठ्यात गेलो. टोप उचलला. इतका छान वाळला होता की तुम्हाला काय सांगू — एक गाठ नव्हती. आणि आपाचं बोलणं कानात आलं. आगीने वितळतो. वास सुटतो. सगळ्यांना कळतं. मला समोर चिता दिसली, भोवती सगळा गाव दिसला, माझा थोरला भाऊ दिसला, जावई दिसला, आणि तो वास आल्यावर एकमेकांकडे वळलेली तोंडं दिसली. भाऊ पोस्टमनने बायकोला प्लॅस्टिकचे केस घालून पाठवलं. ही गोष्ट माझ्याशिवाय, माझ्या मागे, जन्मभर सांगितली गेली असती.

मी टोप टॉवेलात गुंडाळला आणि बाहेर आलो. ओसरीवर आईच्या पायाशी स्मिता बसली होती. ते गाठोडं मी तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, आईने हे तुला द्यायला सांगितलंय.

वहिनीने मान वर केली. "माका तर तिना वेगळा सांगितलेला," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळी बस बघायची तसेच. आणि मी बोललो. परवा सकाळी, उजेड खिडकीतून पायापर्यंत आला होता तेव्हा, तिने माझा हात कसा धरला. आधी पाणी मागितलं, एकच घोट घेतला. मग कशी म्हणाली, की मला आता केसांची हाव नाही, स्मिताला माझं काहीतरी राहू दे, मी गेले की तिने हात फिरवावा तरी कशावरून? मी तिचा आवाज काढला. तिच्यासारखा खोकलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली गोष्ट होती. वहिनी रडली. माझा भाऊ, जो आमच्या आईला रडला नव्हता, तो खांबाला धरून रडला.

मालिनीला बोडकी नेली. टाळूवर साडीचा पदर ओढून घेतला होता. अबोलीचा वळेसर माळायला केस नव्हते, म्हणून कानाशी नुसता ठेवला. वाटेत तो घसरला. मी पुढे होतो. मागून कोणीतरी सांगितलं, फुलं पडली म्हणून. थांबलो नाही.

तुम्हाला वाटेल, झालं. झालं नाही. स्मिताने तो टोप डिचोलीला आपल्या कपाटात ठेवला आहे, सुती कपड्यात. वर्षश्राद्ध जवळ आलं की तिचा फोन येतो, बाबा, आईचे केस पुन्हा पिंजारलेत. मी बस पकडून जातो. बालदी, थंड पाणी, निळं औषध. ती शेजारी बसून बघते. वाळला की त्यात तोंड खुपसते आणि म्हणते, आईचा वास अजून गेला नाही. तो वास त्या निळ्या औषधाचा आहे.

ह्या वर्षी मी विंचरत होतो आणि ती शेजारी बसून बघत होती. मग म्हणाली, "आई माझ्यासाठी बोडकी गेली, बाबा. मी एवढं काय केलं होतं तिच्यासाठी? चतुर्थीला तेवढी यायचे."

सात वर्षं ती हे वागवते आहे. मला ठाऊक नव्हतं. आईने आपल्यासाठी शेवटची इच्छा सोडली, आणि आपण त्या लायकीच्या नव्हतो — असं माझी मुलगी सात वर्षं धरून बसली आहे. मी फणी टोकापाशी धरून तसाच राहिलो. मला काही सुचलं नाही. मला.

तिच्या तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून लिहिलं. तुम्ही वाचाल तेव्हा तीही वाचील. तिच्या आधी तुम्हाला सांगितलं, हेही माझ्या खात्यात घाला.

बाय, टोप नायलॉनचा आहे. तुझ्या आईचे केस कोलवाळच्या पुलाखालून वाहून गेले. तिने तुला काही दिलं नाही, काही सोडलं नाही. शेवटपर्यंत तिला केस घालूनच जायचं होतं. ती तुझ्यासाठी बोडकी गेली नाही. माझ्यामुळे गेली.